सेकंदाला पाच चित्रं

शोभाबाईचं नाव निघालं की माझ्या जिभेवर पेढ्याची चव येते आणि मग दिवसभर माझं डोकं फिरलेलं असतं. म्हणून आमच्या घरात कोणी तिचं नाव काढत नाही. मी मात्र काढते. तीन वर्षं मी ते नाव रोज घेतलं, म्हाताऱ्या बायका देवाचं घेतात तसं.

शोभाबाई म्हणजे वर्ध्याजवळच्या सिंदी रेल्वे या गावच्या कापसाच्या व्यापाऱ्याची, महादेवरावांची बायको आणि धनंजयची आई. या धनंजयशी माझं साक्षगंध झालं होतं. २००२ सालचा मे महिना, बोरगाव मेघेतलं आमचं घर, दारात कापडी मांडव. आमच्याकडे साक्षगंधाला मुलाकडची मंडळी साडी आणतात. मुलगी ती नेसून पाटावर बसते, होणारी सासू ओटी भरते, पेढा भरवते, अंगठ्या होतात. मग लग्नाची फक्त तारीख उरते. मला मोरपंखी साडी आली होती, डाळिंबी काठाची. शोभाबाईने स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात पेढा घातला आणि म्हणाली, "आता तू आमची झाली, हर्षा."

त्या दिवशी ऊन मरणाचं होतं, त्यात शूटिंगवाल्याचा हॅलोजन तोंडावर. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं. पेढा खाल्ल्यावर जरा गरगरलं, मी डोळे मिटून मान खाली घातली. कोणीतरी पाणी दिलं. त्यातलं अर्धं ओटीच्या ताटात सांडलं आणि कुंकवाचा ओघळ माझ्या पदरावर उतरला. दोन घोट पाणी प्यायले, हसले, विषय संपला. पुढे पंगती बसल्या, आमरस झाला, जाताना महादेवरावांनी माझ्या बाबांना मिठी मारली.

महिनाभरात त्यांना नागपूरचं स्थळ सांगून आलं. घर मोठं, मुलगी एकुलती एक, भाऊ अमेरिकेत; लग्न मात्र मुलीचं शिक्षण झाल्यावर करायचं. शोभाबाईचे डोळे फिरले. पण साक्षगंध झालेलं मोडायचं तर समाजाला काहीतरी कारण द्यावं लागतं, नाहीतर दंड नाही पण छी-थू होते. तिने कारण शोधून काढलं. "पोरीले फिट येते. मांडवातच आलती. आम्ही आमच्या डोयानं पाह्यली." बस. तीन वाक्यांत माझा निकाल लागला. साडी, अंगठी, सगळं बाबा स्वतः सिंदीला परत करून आले. तिने दारातच घेतलं, आत या म्हटलं नाही.

माझ्या बाबांचं, प्रभाकररावांचं, बोरगावात किराण्याचं दुकान आहे. समाजात कोणाचंही लग्न जुळायचं असो, मध्यस्थीला बाबांना बोलावणं यायचं. ते यायचं थांबलं. ज्याच्या पोरीला फिट येते आणि ज्याने ते लपवलं, त्याच्या शब्दावर कोण मुलगी देणार? बायका पावशेर साखर घ्यायला यायच्या आणि हळूच विचारायच्या, "आता बरी आहे का पोरगी?" बाबांनी मला नागपूरला नेऊन डोक्याला वायरी लावून तपासणीही केली. डॉक्टर म्हणाले, काही नाही हिला. पण डॉक्टरांचं म्हणणं काही दवंडी पिटून सांगता येत नाही. चार स्थळं आली आणि त्या एका शब्दाशी येऊन परत गेली. पाचव्याची मी वाट पाहिली नाही. मी मनाशी ठरवलं की ज्या तोंडाने शोभाबाई हे बोलली, त्याच तोंडाने, चारचौघांत, ती ते गिळेल. लग्नाचं काय व्हायचं ते होऊ दे.

दुकानामागच्या खोलीत मी कॉम्प्युटर घेऊन बसले. वर्ध्याला कोर्स केला होता, पुढचं हाताने शिकले. लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करायला लागले. नवरा-नवरी गुलाबाच्या फुलातून बाहेर येतात, चंद्रावर जाऊन बसतात, ते सगळं माझ्यासारखेच लोक करतात. वर्ध्याचे दोन-तीन फोटो स्टुडिओवाले मला काम द्यायचे. त्यातला एक हिरालाल. माणूस भला, पण जीभ पायाच्याही पुढे चालणारी.

२००५ च्या दिवाळीनंतर हिरालाल तोंड पाडून आला.

"हर्षा, एक फसलेलं काम आहे. लगनाची डीव्हीडी अमेरिकेले पाठवली, तं तिथं चालूनच नाई राह्यली. काळं-पांढरं दिसते, वरखाली पयते. पार्टी मोठी आहे, सिंदीची. माही इज्जत चालली."

सिंदी म्हटल्याबरोबर माझे कान टवकारले. मी विचारलं, "कोनाची पार्टी?"

"महादेवराव कापूसवाले. पोराचं औंदा लगन केलं ना, नागपूरची पोरगी, वर्षाली. तिच्या भावाले सुट्टी नाई भेटली, तो लगनाले आलाच नाई. त्याच्याचसाठी डिस्क पाह्यजे."

माझ्या हातातला चहाचा कप मी खाली ठेवला. हिरालालला यातलं काही ठाऊक नव्हतं. माझं साक्षगंध त्याने शूट केलं नव्हतं. मी म्हटलं, "कॅसेटा ठेवून जा. साक्षगंधाचीबी दे."

त्याला मी समजावलं ते असं. आपल्याकडचा टीव्ही सेकंदाला पंचवीस चित्रं दाखवतो, अमेरिकेतला तीस. म्हणून इथली डिस्क तिथे चालत नाही. ती बदलून द्यायची तर दर सेकंदाला पाच चित्रं कमी पडतात. शूटिंगमध्ये ती नसतातच, कोणी काढलेलीच नसतात. मग कॉम्प्युटर काय करतो, दर पाच चित्रांनंतर शेजारचंच चित्र पुन्हा एकदा लावतो आणि खड्डा बुजवतो. डोळ्याला कळत नाही. "म्हंजे अमेरिकावाल्याले पाच जास्त?" हिरालाल म्हणाला. मी म्हटलं, हो, तसं समज. तो हे मनात घोकत घोकत गेला.

मी साक्षगंधाची कॅसेट लावली. शोभाबाई आली. तीच ऐट, तीच नाकातली मोरणी. पाटावर वर्षाली बसली होती, गोरी, बारीक, घाबरलेली. शोभाबाईने ओटी भरली, पेढा उचलला, तिच्या तोंडाशी नेला. माझं लक्ष मात्र साडीवर गेलं. मोरपंखी, डाळिंबी काठाची. मी चित्र थांबवलं, मोठं केलं. पदरावर, खांद्याच्या जरा खाली, कुंकवाचा ओघळ. धुऊन फिकट झालेला, पण तोच.

माझ्या अंगावरची साडी. आमच्या घरून परत आलेली. ती तिने घडी करून ठेवली आणि दुसऱ्या पोरीला नेसवली. कापसाचे व्यापारी, गाड्या भरून माल जातो यांचा, आणि सुनेच्या साक्षगंधाला परत आलेली साडी! आणि मला आजारी ठरवलं. मी आजारी, पण साडी चांगली. मला इतका संताप आला की मी उठून दुकानात गेले आणि बाबांना उगाच म्हटलं, "तुरीच्या डाळीचे डबे साफ करू का?" बाबा माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मी डबे साफ केले आणि परत येऊन बसले.

तेव्हा ती पाच चित्रं मला आठवली.

माझ्या साक्षगंधाची कॅसेट माझ्या कपाटात होती. कॉम्प्युटरवर घेतली. पेढा माझ्या तोंडाशी आलेला, शोभाबाई ओठभर हसतेय, शेजारी धनंजय बसलाय, आणि साडी कोरीकरकरीत, कारण पाणी अजून सांडायचं होतं. ते एक चित्र मी उचललं. वर्षालीच्या पेढ्याच्या जागी, जिथे जिथे कॉम्प्युटर खड्डा बुजवायला शेजारचं चित्र लावत होता, तिथे तिथे मी माझं लावलं. चालवून पाहिलं. पडद्यावर जरा लुकलुकल्यासारखं वाटलं, वीज कमी-जास्त झाल्यासारखं. एवढंच. पण थांबवलं तर मी दिसते. आणि आपल्या बायका लग्नाची डिस्क थांबवल्याशिवाय बघत नाहीत. कोणाचा हार किती पदरी, कोणाच्या साडीला काठ कसा, हे चालत्या चित्रात कसं दिसणार? अमेरिकेतली वहिनी थांबवणार, भाऊ विचारणार की माझ्या बहिणीच्या साडीत ही कोण, आणि शोभाबाईला फोनवर उत्तर द्यावं लागणार. असा माझा बेत होता.

पण शोभाबाई माझ्या बेताच्याही पुढची निघाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच.

झालं काय, हिरालालने सिंदीला जाऊन फुशारकी मारली. अमेरिकेची डिस्क म्हणजे काय गंमत आहे का, आपली पंचवीसची, त्यांची तीसची, सेकंदाला पाच जास्त! दुसरी कोणी असती तर असेल बुवा म्हणून सोडलं असतं. पण ती व्यापाऱ्याची बायको. आयुष्यभर लोकांच्या कापसाच्या मापात मारलेलं, त्यामुळे आपल्याला कोणी मापात मारेल ही भीती रक्तात. तिला वाटलं की हिरालालने आपल्याला प्रत्येक सेकंदाला पाच चित्रं कमी दिली!

हिरालाल घामाघूम होऊन माझ्याकडे आला. "ते म्हनते, पैसे आमचे आन् जास्तीचा माल अमेरिकेले? आंधी आमाले दाखव म्हनते ते पाच. सगळ्यायले बोलावलं आहे तिनं, विहीणबी येऊन राह्यली नागपूरहून डिस्क न्याले. मले तं ते समजत नाई. तूच जाऊन दाखव ना वं."

मी म्हटलं, "जातो ना. काऊन नाई जात?"

त्या संध्याकाळी मी आणखी एक डिस्क बनवली, स्वच्छ, माझं चित्र नसलेली. ती पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. रिकाम्या हाताने सौदा होत नाही, हे मी दुकानदाराची मुलगी आहे म्हणून मला माहीत होतं. बाबांना मात्र काही सांगितलं नाही.

रविवारी दुपारी मी सिंदीला पोचले. दिवाणखाना बायकांनी भरलेला, सतरंज्या, चिवड्याच्या प्लेटा, मोठा रंगीत टीव्ही, त्याच्यावर विणलेला रुमाल. शोभाबाई सोफ्यावर मधोमध. तिच्या शेजारी विहीणबाई, आनंदाबाई. धनंजय दाराशी खुर्चीत. वर्षाली स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, डोक्यावर पदर, हातात पाण्याचा तांब्या.

मला वाटलं होतं, शोभाबाई मला पाहताच ओरडेल. मी तयारीने गेले होते. तर तिने माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली आणि म्हणाली, "आली का हिरालालची पोरगी? चपला भायेर काढ." तिने मला ओळखलंच नाही! केस कापले होते मी, चष्मा लागला होता, साडीऐवजी सलवार-कमीज होती, हे खरं. पण जिच्या तोंडात पेढा घालून तू आमची झाली म्हटलं, जिला गावभर रोगी ठरवलं, तिचा चेहरासुद्धा हिने लक्षात ठेवला नव्हता. खरं सांगते, फिटचं खोटं बोलली त्यापेक्षा मला हे जास्त लागलं.

धनंजयने मात्र ओळखलं. त्याचा चेहरा चुना फासल्यासारखा झाला. तो बोलेल असं मला क्षणभर वाटलं. बोलला नाही. तीन वर्षांपूर्वीही बोलला नव्हता. मी सोबत नेलेल्या डीव्हीडी प्लेअरच्या वायरी टीव्हीला जोडल्या, डिस्क घातली आणि रिमोट हातात घेऊन उभी राहिले.

"पाहा वं बायांनो," शोभाबाई म्हणाली, "आपल्याले पंचवीस देल्ले आन् तिकडं तीस. आता दाखव पोरी, ते जास्तीचे पाच कुठं आहेत?"

"सगळीकडंच आहेत," मी म्हटलं. "पन एक जागा धरून दाखवा लागंल. कोनती जागा लावू?"

"माह्या पेढ्याची लाव," ती म्हणाली. "त्याच्यात मी बरी दिसतो."

मी ती जागा लावली. शोभाबाई पेढा उचलते तिथे थांबवली. मग एकेक चित्र पुढे सरकवायला लागले. रिमोटवर तसं बटण असतं. "हे आपलं एक," मी म्हटलं. हात जरा पुढे आला. "हे दोन." हात आणखी पुढे. वर्षालीचे ओठ उघडले. तीन, चार, पाच. बायका माना पुढे काढून बघत होत्या. "हे पाच झाले आपले. आता येते तो अमेरिकेचा."

मी बटण दाबलं. पडद्यावर तीच शोभाबाई, तोच पेढा, तीच साडी. तोंड माझं.

मग मागून एक म्हातारी म्हणाली, "मांगं घे वं, मांगं घे. हे कोन आलं मधात?" मी मागे घेतलं, वर्षाली. पुढे घेतलं, मी. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. मला ते बटण दाबायला इतकं बरं वाटत होतं की मी गरजेपेक्षा जास्त वेळा दाबलं.

"डिस्क खराब आहे," शोभाबाई म्हणाली. "कोन्या दुसऱ्या घरचं मिसयलं हे."

"दुसऱ्या घरचं कसं होईन?" आनंदाबाई म्हणाल्या. त्या उठून टीव्हीजवळ गेल्या होत्या. "पेढा घेऊन तं तुम्हीच आहे, विहीणबाई. आन् हे जवाईबापू बसले. साडीबी हेच. फक्त यिच्या पदराले डाग नाई, आन् माह्या पोरीच्या पदराले आहे. मी म्हटलं होतं तुमाले, नव्या साडीले डाग कसा? तुम्ही म्हटलं, दुकानातलाच असंन."

बायकांमध्ये कुजबूज सुरू झाली. कोणीतरी हसलं आणि तोंडाला पदर लावला. आनंदाबाईंनी धनंजयकडे वळून विचारलं, "जवाईबापू, हे पोरगी कोन?"

धनंजयने आईकडे पाहिलं. मी चष्मा काढला.

"मी सांगतो, काकू. मी प्रभाकररावायची हर्षा, बोरगाव मेघेची. यायच्या पोरासंगं माहं साक्षगंध झालतं."

आता ओळखलं तिने. ताडकन उठली. "हे तं ते फिटवाली! अवो, यिले फिट येते, म्हून तं आम्ही मोडलं! यिच्या बापानं लपवलं होतं आमच्यापासून! निंघ माह्या घरातून!"

चोराच्या उलट्या बोंबा त्या ह्या. पण मी तीन वर्षं याच वाक्याची वाट पाहत होते. ती हे सगळ्यांसमोर बोलली, म्हणजे आता सगळ्यांसमोरच गिळायला लागणार होतं.

"निंघतो. पन माह्या साक्षगंधाची पुरी कॅसेट माह्यापाशी आहे. मांडव घातल्यापासून पंगती उठेपर्यंत. फिट कोनत्या जागी आली तेवढी सांगा, मी ते जागा सगळ्या समाजाले पाठवतो. इथल्यायले पंचवीसची, अमेरिकेले तीसची."

धनंजय खुर्चीतून उठला आणि जमिनीकडे पाहत म्हणाला, "फिट नवती, आई. लाइटनं डोये मिटले होते तिनं."

तो बोलला हे ऐकून मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला किळस आली. तीन वर्षं हे वाक्य त्याच्या खिशात होतं. "मले तुमच्याकडून नाई पाह्यजे," मी म्हटलं. "ज्यानं म्हटलं, त्यानंच म्हनाव." मग मी पर्समधून दुसरी डिस्क काढली. "शोभाबाई, हे साफ डिस्क आहे. याच्यात मी नाई. तुमी बोला आन् हे घ्या. वरतून, जे आता लावली ते मी मोडून फेकतो."

तिने विहिणीकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं, माझ्या हातातल्या डिस्ककडे पाहिलं. मनात तराजू लावलेला तिच्या तोंडावर दिसत होता. अमेरिकेतला भाऊ एका पारड्यात, प्रभाकरराव किराणावाल्याची पोरगी दुसऱ्यात.

"नाई आलती फिट," ती पुटपुटली.

"म्हातारीले ऐकू नाई गेलं."

"नाई आलती! पोरीले काहीच झालं नवतं! आता झालं का तुह्यं समाधान?"

झालं. लपवत नाही, माझं समाधान झालं. तिचा चेहरा लाल झाला होता आणि तो मी डोळे भरून पाहिला. मागची म्हातारी म्हणत होती, "प्रभाकररावाले उगाच बदनाम केलं वं बाई." ते वाक्य मी बाबांसाठी जपून ठेवलं. आता ते संध्याकाळच्या आत बोरगावात पोचणार होतं, मी सांगायचीही गरज नव्हती. मी साफ डिस्क शोभाबाईच्या हातात दिली, तिने ती लगेच विहिणीला दिली. प्लेअरमधली काढून मी पर्समध्ये टाकली, वायरी गुंडाळल्या.

"मोडजो ते," शोभाबाई म्हणाली.

"मोडतो," मी म्हटलं.

बाहेर येऊन मी चपला घालत होते तेवढ्यात मागून हाक आली. वर्षाली. हातात हळदीकुंकवाचा करंडा. घरातून बाई कुंकवाशिवाय जाऊ नये म्हणून ती आली असेल असं मला वाटलं. दिवाणखान्यातून बायकांचा गलका ऐकू येत होता. ती माझ्या अगदी जवळ उभी राहिली आणि करंड्याचं झाकण उघडता उघडता म्हणाली, "ताई, ते तुमची डिस्क मले द्या."

"कोनती?"

"ज्याच्यात तुम्ही आहे. माह्या दादाले तेच जाईन. माह्या आईच्या पिशवीत मी बदलून ठेवतो."

इतका वेळ ती माझ्यासाठी फक्त पडद्यावरची एक मुलगी होती, पाच चित्रं तिची आणि एक माझं. मी म्हटलं, "तुह्या आईनं तं सगळं पाह्यलंच. ते सांगंन भावाले."

"आई नाई सांगत. आत्ताच मले स्वयंपाकघरात नेऊन म्हने, झालं गेलं, तू चूप राह्य." तिने करंड्यात बोट बुडवलं. "मी दादाले फोन करतो, तं हे सगळे बाजूले उभे राह्यतात. मी बरी आहे म्हनतो आन् ठेवतो. त्याले काहीच माहीत नाई, ताई. मी कोन्या घरात आहे हे त्याले दिसलं पाह्यजे."

"मी मोडीन म्हून शब्द देल्ला आहे वर्षाली."

"शब्द तं यायनं तुमालेबी देल्लता," ती म्हणाली. "तुम्ही सुटल्या. मी राह्यली."

ज्या घराने मला टाकलं म्हणून मी तीन वर्षं जळत होते, त्या घराच्या ओट्यावर ही पोरगी मला भाग्यवान म्हणत होती, आणि ती खोटं बोलत नव्हती. मी पर्समधून डिस्क काढली आणि तिच्या करंड्याखाली सरकवली. तिने ती पदरात घेतली.

"पन दादाले समजंन कसं, कुठं थांबवायचं?"

मी विचार केला. "फोनवर सगळ्यायच्या समोरच म्हन. वहिनीले सांग दादा, माह्या साक्षगंधाची साडी नीट पाह्य, पेढ्यापाशी थांबवून थांबवून पाह्य. बायका साडीचं बोलतात, कोनाले काय कळते?"

"पेढ्यापाशी थांबवून थांबवून," ती ओठातल्या ओठात म्हणाली, दोनदा, पाठ करावं तशी.

आतून शोभाबाईचा आवाज आला. "सूनबाई! तिच्यासंगं काय बोलून राह्यली तू?"

वर्षालीने माझ्या कपाळावर बोट टेकवलं, चांगलं ठसठशीत, आणि आतल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काई नाई, आई. कुंकू लावून राह्यली."